लाल म्हणजे अंधार

अंधाराच्या डबीत कोंब आले होते.

अश्लेषाने डबीभोवतीचं चंदेरी फॉइल उलगडलं, झाकण काढलं आणि तिला वाटलं, आपण चुकून दुसरीच डबी उघडली. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘अंधार’. आत ओल्या टिपकागदावर माक्याचं काळं बारीक बी ओळीने मांडलेलं होतं आणि निम्म्याअधिक बियांतून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती.

“उगवलं?” स्वयंपाकघरातून स्नेहलताईने विचारलं.

“उगवलं.”

“मग तोंड का असं झालंय तुझं?”

“उगवायला नको होतं.”

स्नेहल ही अश्लेषाची मावसबहीण. ती अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये एका बँकेत होती आणि मार्चपासून रायस्वाइक गावातल्या आपल्या घरातच, जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसली होती. तिने कानातला इअरबड काढून डबीत डोकावून पाहिलं. “मी खिडकीत चार वेळा कोथिंबीर लावली, एक पान दिसलं नाही. आणि तुझं तण नको म्हटलं तरी उगवतंय,” असं म्हणून ती पुन्हा मीटिंगमध्ये शिरली.

तणच होतं ते एका अर्थी. मिरजेत ओढ्याकाठी, पाटाकडेला कुठेही माजणारा माका. केसांच्या तेलासाठी आणि काविळीच्या औषधासाठी सगळ्यांना हवा असतो, पण मुद्दाम लावायला गेलं की येईलच असा भरवसा नाही. मोठ्या प्रमाणात लागवड करणाऱ्यांची हीच तक्रार होती आणि अश्लेषाच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषयही तोच होता. कोणत्या रंगाच्या उजेडात माका लवकर आणि सारखा उगवतो? वाखेनिंगनच्या विद्यापीठात तिला त्यासाठी एक छान, काचेसारखी स्वच्छ प्रयोगशाळा मिळाली होती. मार्चमध्ये साथ आली आणि प्रयोगशाळा बंद झाली. दहाबारा जणांचं एकच स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहण्यापेक्षा माझ्याकडे ये, असं स्नेहल म्हणाली. अश्लेषा एक सूटकेस आणि बियांचं पाकीट घेऊन आली.

प्रयोगही घरी आला. बुटांची चार खोकी, आतून काळा कागद, रिमोटने रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, प्रत्येकात बियांची एक डबी. एका खोक्यात लाल उजेड, एकात निळा, एकात पांढरा. चौथ्यात काहीच नाही, नुसता अंधार. माक्याला ऊब लागते, म्हणून चारही खोकी बॉयलरच्या खोलीत ठेवली होती. खोली कसली, बिनखिडकीची एक कोनाडीच ती. एक माणूस आत उभा राहिला की दार लागायचं, पण पाय हलवायला जागा उरायची नाही.

प्रयोगाचा सगळा डोलारा चौथ्या डबीवर होता. माक्याचं बी उजेडाशिवाय उगवत नाही, हे आधी दाखवायचं, मग कोणता उजेड बरा ते बोलायचं. अंधारातही निम्मं बी उगवत असेल, तर लाल-निळ्याचे आकडे घेऊन करायचं काय? तिच्या मार्गदर्शिका मारयोलाइन स्क्रीनवर मान तिरकी करून म्हणाल्या होत्या, “कुठून तरी उजेड जातोय. शोध.” त्या रागावत नसत, त्यामुळे जास्त वाईट वाटायचं. जुलैअखेर प्रबंध द्यायचा होता. नाही दिला तर सहा महिने पुढे, आणि तिचा राहण्याचा परवाना ऑगस्टपर्यंतचाच होता. त्यात बी संपत आलं होतं. आईने गावाहून आणखी पाठवलं असतं, पण टपाल बंद होतं.

तिने फॉइल दुहेरी केलं. खोक्याला काळी पिशवी घातली. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं. मग पुन्हा मांडणी केली.

पुन्हा कोंब आले.

या सगळ्यात तिला एकच सोबत होती, ती हरीशकाकांची. काका म्हणजे स्नेहलचे सासरे, तिच्या नवऱ्याचे, रुचिरचे वडील. साताऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच मुलाकडे आले होते, तीन महिन्यांसाठी, फेब्रुवारीत. आल्यावर पंधरा दिवस बोचरा वारा, मग साथ, मग विमानंच बंद. रुचिर वरच्या खोलीत दार लावून आइंडहोवेनच्या सहकाऱ्यांशी कॉम्प्युटर चिप्सबद्दल बोलायचा, स्नेहल खाली बँकेशी. मधल्या जिन्यावर काका.

“मला काहीतरी काम दे गं,” ते एकदा म्हणाले होते. “तुझ्या त्या बियांचं काही असेल तर. मला तापमान बघायची सवय आहे. फोटो धुवायचा डेव्हलपर वीस डिग्रीच लागतो. एकवीस झाला तर नवरी काळी येते.”

मग रोज सकाळी बॉयलरच्या खोलीतला थर्मामीटर बघून तिला सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. सांगण्याची पद्धतही स्टुडिओतली. दारावर दोन टकटक, आणि बाहेरूनच, “शास्त्रीणबाई, अठ्ठावीस!” तिलाही ते आवडायला लागलं होतं. हातात चहाचा कप आला की काका डार्करूममधल्या गोष्टी सांगत. ट्रेमध्ये पांढरा कागद बुडवायचा आणि त्यावर हळूहळू आधी केस, मग भुवया, मग डोळे उमटताना बघायचं.

“हजारो माणसं अशी पाण्यातून वर येताना पाहिलीत मी,” ते म्हणत. “कधी कंटाळा आला नाही.”

दुसऱ्यांदा कोंब आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अश्लेषाने उरलेलं बी तीन भागांत वाटलं आणि पहिला भाग ओला केला. दुपारी ती आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून दूध-ब्रेड घेऊन परत आली. घरात ताईचा आवाज, वरून रुचिरचा आवाज, नेहमीसारखंच. ती जोडे काढत होती, तेव्हा तिला बॉयलरच्या दाराखाली उजेडाची एक रेघ दिसली. लाल.

पट्ट्या टायमरवर होत्या आणि या वेळेला बंद असायच्या. टायमर बिघडला असणार, असं वाटून तिने दाराच्या मुठीला हात घातला.

“थांब!” आतून आवाज आला. “दार उघडू नकोस! आधी झाकू दे!”

तो आवाज एवढा ठाम होता की तिचा हात आपोआप मागे आला. आत फॉइल चुरचुरलं, पिशवी सळसळली. मग दार उघडून हरीशकाका बाहेर आले. त्यांच्या हातात रुचिरच्या सायकलचा मागचा दिवा होता.

“आता चालेल,” ते म्हणाले. “उघडं असताना उजेड शिरला असता ना आत.”

“काका, तुम्ही अंधाराची डबी उघडलीत?”

“रोज बघतो. पण काळजी करू नकोस.” त्यांनी दिवा दाखवला. “लाल दिव्यात बघतो. दार लावून. लाल म्हणजे अंधारच.”

अश्लेषाने दिव्याकडे पाहिलं, मग आत डबीकडे. काकांना वाटलं तिला पटलेलं नाही. “अगं, माझं आयुष्य गेलं त्यात. लाल दिव्याखाली कागद तासभर ठेव, काही होत नाही त्याला. हात धुतो मी आधी. घड्या पण तुझ्यासारख्याच घालतो परत, चिकटपट्टीही तशीच लावतो.”

“काका, बियांना लाल उजेडच लागतो!” तिचा आवाज चढला. “सगळ्यात जास्त तोच लागतो! तुम्ही दोन्ही वेळा सगळं घालवलंत माझं. आता हे तिसरंही गेलं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला उघडायला?”

वरचा आणि खालचा, दोन्ही आवाज थांबले. स्नेहल दारात आली. “काय झालं?”

“काही नाही,” काका म्हणाले. त्यांनी दिवा जिन्याच्या पायरीवर ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल. “माझ्याकडून हिचा रोल वाया गेला.”

रात्री ते जेवायला आले, पण ताटातल्या वरणभाताखेरीज कशाकडे बघत नव्हते. रुचिर म्हणाला, “बाबा, चुकतं माणसाचं. तुम्हाला काय माहीत?” त्यावर ते म्हणाले, “माहीत नव्हतं म्हणूनच हात लावायला नको होता.” मग थोड्या वेळाने, भाताशीच बोलल्यासारखं, “चाळीस वर्षांत मी कोणाचं लग्न काळं केलं नव्हतं.”

सकाळी दारावर टकटक झाली नाही.

अश्लेषा वाट बघत होती हे तिला तेव्हाच कळलं. ती पलंगावर बसून राहिली. रागाचा जोर ओसरला होता आणि आता तिला आठवत होतं ते वेगळंच. तिने काकांना सांगितलं होतं, “यात उजेड जाता कामा नये.” कोणता उजेड, ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच वाटली नव्हती. उजेड म्हणजे उजेड. पण ज्या माणसाने अख्खं आयुष्य लाल दिव्याखाली काढलं, त्याच्यासाठी उजेड आणि लाल दिवा या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. आणि त्याने खरोखरच उजेड जाऊ दिला नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे तर डोळ्यात तेल घालून राखलं होतं.

काका मागच्या इवल्याशा बागेत खुर्ची टाकून बसले होते. ऊन होतं, पण त्यांच्या अंगात स्वेटर होता. ती दोन कप चहा घेऊन गेली आणि पायरीवर बसली.

“काका, तुम्ही का उघडून बघायचात? काय बघायचं होतं?”

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. “तू म्हणाली होतीस, आधी मूळ येतं. मला ते येताना बघायचं होतं. बाकीच्या खोक्यांत दिवे लागतात, तुझं लक्ष असतं तिकडे. मला वाटलं हिच्याकडे, अंधारातल्या डबीकडे, कोणी बघत नाही.” मग घाईने म्हणाले, “वेडेपणाच झाला.”

“तुमचा कागद लाल रंगाला आंधळा असतो ना?”

“हो. निळा त्याला दिसतो. लाल नाही.”

“बियांचं बरोबर उलटं आहे. त्यांना लाल दिसतो. दिसतो म्हणजे, त्यांच्यात एक रंगद्रव्य असतं, त्यावर लाल उजेड पडला की ते बदलतं आणि बी जागं होतं. थोडासा पुरतो. सायकलच्या दिव्याएवढा.” तिने बागेतल्या झुडपाकडे बोट केलं. “आता या पानांखाली बघा. पानं उजेडातला लाल भाग खाऊन टाकतात. खाली जो पोचतो त्यात लाल जवळजवळ नसतोच. माक्याचं बी एवढंसं, त्याच्यापाशी शिदोरी अशी नाहीच. दाट पानांखाली उगवलं तर उपाशी मरेल. म्हणून ते लाल उजेडाची वाट बघत पडून राहतं. लाल आला म्हणजे डोक्यावर कोणी नाही, आभाळ मोकळं आहे.”

काका पुढे वाकून ऐकत होते. “आणि मी रोज जाऊन त्याला सांगत होतो, ये, मोकळं आहे.”

“हो.”

“आणि ते बिचारं येत होतं.” त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको असं झालं. “म्हणजे बियाण्याला डोळा असतो, पण नेमका माझ्या कागदाच्या उलटा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर...”

“मीच सांगायला हवं होतं,” अश्लेषा म्हणाली. “काल फार बोलले मी.”

“बोललीस ते बरंच केलंस. गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाची मला जास्त भीती वाटायची.” त्यांनी चहा संपवला. “बी उरलंय का?”

“दोन भाग. चारही खोकी धरली तर जेमतेम एकदाच नीट होईल.”

मारयोलाइनशी बोलणं झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सायकलचा दिवा ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, या वेळी बी ओलं करण्यापासूनच सगळं पूर्ण अंधारात कर. प्रयोगशाळेत चालतो तो हिरवा दिवासुद्धा नको. परीक्षकांना शंकेला जागाच ठेवू नकोस.

अश्लेषाने बाथरूममध्ये आधी मोहरी घेऊन सराव केला. त्या घरात बॉयलरच्या खोलीखेरीज तीच एक बिनखिडकीची. दिवा बंद केला आणि दोन मिनिटांत मोहरी फरशीभर झाली. दुसऱ्यांदा टिपकागदाऐवजी तिने स्वतःच्या बाहीवर पाणी ओतलं. तिसऱ्यांदा डबी बेसिनमध्ये पडली. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा काका जिन्याच्या पायरीवर बसलेले होते. किती वेळ होते कोण जाणे.

“विचारू का एक?” ते म्हणाले. “नाही म्हणालीस तर राग नाही.”

“विचारा.”

“मी कॅमेऱ्यातला रोल अंधारात काढून रिळावर चढवायचो. त्याला लाल दिवा पण चालत नाही, त्याला मिट्ट काळोख लागतो. लग्न एकदाच होतं, रोल एकच असतो. हात चालतात अजून.” त्यांनी हात पुढे केले नाहीत, मांडीवरच ठेवले. “पण तुझं शेवटचं बी आहे. तू ठरव.”

अश्लेषाने त्या हातांकडे पाहिलं. शेवटचं बी. ते सांडलं तर ऑगस्ट, परवाना, सगळंच. स्वतःच्या हातांचा तिला तीन वेळा अनुभव आला होता. तरी तिला उत्तर द्यायला क्षणभर लागला, आणि तो क्षण काकांनाही दिसला.

“चला,” ती म्हणाली. “पण आधी मोहरी.”

“आधी मोहरीच,” काका उठत म्हणाले.

आत गेल्यावर त्यांनी तिला काहीच उचलू दिलं नाही. आधी बेसिनची कड ओल्या फडक्याने पुसली. मग डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने, वस्तू मांडल्या. उघडी डबी, टिपकागद, पाण्याचा ड्रॉपर, बियांची पुडी, झाकण, फॉइल. “डोळे मिटून एकदा सगळ्याला हात लाव,” ते म्हणाले. “आता तुला ठाऊक आहे कोण कुठे बसलंय. अंधारात शोधायचं नाही. नुसतं भेटायला जायचं.”

दिवा बंद झाला. अश्लेषा श्वास रोखून उभी राहिली.

“ते काय आहे?” काका म्हणाले.

“कुठे?”

“तुझ्या उजवीकडे, खाली.”

तिला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. रुचिरच्या विजेवरच्या टूथब्रशचा चार्जर, त्याच्यावर टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका. एवढे दिवस त्या घरात असून तिच्या लक्षात तो कधी आला नव्हता. तिने प्लग उपटला. आता खरंच काही उरलं नाही.

मोहरी दोनदा नीट झाली. मग तिने माक्याची पुडी काढली.

अंधारात काका प्रत्येक गोष्ट बोलून करत होते. “कागद बसला. पाणी घेतो. एक, दोन, तीन... पुरे. पुडी उघडतो. आता शिंकू नकोस.” तिला हसू आलं आणि तिने ते दाबलं. बारीक बी कागदावर पडल्याचा आवाज येतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. कोणीतरी दूर मीठ चिमटीने टाकावं तसा.

“जयंती दाराबाहेर उभी राहायची,” काका मधेच म्हणाले. जयंती म्हणजे त्यांची बायको. “गिऱ्हाईक घाईचं असतं, पोरं दार ढकलतात. ती बाहेर राखण करायची. रुचिर पोटात होता तेव्हासुद्धा. मी आत आहे म्हटल्यावर तिने एकदाही न विचारता दार उघडलं नाही. आत मी काय करतो ते तिने कधी बघितलंच नाही गं. मी म्हणायचो, ये एकदा आत, बघ चेहरे कसे येतात. ती म्हणायची, मग बाहेर कोण थांबेल?”

फॉइल दुमडल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा.

“झालं,” काका म्हणाले. “पिशवी दे.”

तिने दिली. तिचा हात त्यांच्या हाताला लागला, तो कोरडा आणि स्थिर होता. दिवा लावायची तिला घाई झाली नाही. काकांनाही झाली नसावी. बाहेर दाराशी थांबलेली स्नेहल फोनवर कोणाला तरी इंग्रजीत सांगत होती की दोन मिनिटं थांबा, बाथरूम बंद आहे आणि ती का बंद आहे ते तिला समजावून सांगता येणार नाही.

तीन दिवसांनी काकांचं नाव खास विमानाच्या यादीत आलं. इतके दिवस कोणी येत-जात नव्हतं आणि आता सगळं एकदम, दोन दिवसांत निघायचं. डबी उघडायला अजून वेळ होता. निघताना काका मास्क लावून बॉयलरच्या दारापाशी उभे राहिले. मुठीला हात न लावता त्यांनी नुसतं दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, “हिला त्रास देऊ नका रे.” मग रुचिरने बॅग उचलली.

डबी उघडायच्या दिवशी काका मुंबईत एका हॉटेलच्या खोलीत विलगीकरणात होते. फोन लागला तेव्हा पडद्यावर त्यांचं कपाळच जास्त दिसत होतं.

“लाल कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“लाल भरभरून आलंय. पांढरंही. निळ्यात थोडं कमी.”

“आणि आपलं?”

अश्लेषाने फॉइल उलगडलं. झाकण काढलं. फोन बाजूला ठेवून भिंग घेतलं आणि एक-एक ओळ बघत गेली. प्रत्येक बी. मग पुन्हा सुरुवातीपासून.

“काका.”

“बोल.”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“एकसुद्धा नाही. सगळं बी जसंच्या तसं आहे. काहीच उगवलं नाही, काका!”

पलीकडे काका मोठ्याने हसले, टाळी वाजवली, आणि फोन हातातून पडून छत दिसायला लागलं. जेवणाच्या टेबलावरून स्नेहलने वळून पाहिलं. “काही नाही उगवलं म्हणून एवढा आनंद?” तिने कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती.

“मेली तर नाहीत ना ती?” फोन सावरून काकांनी विचारलं. आवाजात एकदम काळजी होती.

“तेच बघायचं आहे आता. पांढऱ्या उजेडात ठेवते. जिवंत असतील तर चार दिवसांत कळेल. मारयोलाइनही तेच विचारणार.”

चार दिवस लागलेच नाहीत. तिसऱ्या सकाळी एका बियातून मूळ आलं होतं, शेजारच्या दोघांची सालं फुटत होती. अश्लेषाने फोन डबीवर धरून फोटो काढला आणि काकांना पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. काका मराठीत एक-एक अक्षर शोधून लिहीत.

‘फोकस मागच्या बियावर गेलाय. उजेड डावीकडून घे. परत काढ.’

तिने दिवा डावीकडे सरकवला आणि परत काढला.